हलका राजा आणि हिणकस नाणे

एका राज्यात, जिथे नदी डोंगराला वळसा घालून पूर्वेला जाई आणि जिथल्या पक्ष्यांना माणसांची भाषा अवगत होती, धवलसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्याच्या नाण्याला धवल म्हणत. एका अंगाला राजाचा मुखवटा, दुसऱ्या अंगाला कणसांची जुडी आणि आत अस्सल चांदी. फरशीवर टाकले की ते असे खणाणे, की परमुलखातला सराफ पाठमोरा बसलेला असला तरी म्हणे, "धवल आहे. घ्या." ते कसोटीवर घासून पाहावे असे कोणाच्या मनातही येत नसे.

मग त्या राज्यात दुष्काळ पडला. नदी आटली, कोठारे रिती झाली. परदेशातून धान्य आणावे तर भांडारात चांदी पुरेना. तेव्हा राजाने टांकसाळीच्या अधिकाऱ्याला बोलावले.

"चांदीत कथील मिसळा. निम्मी चांदी, निम्मे कथील."

"महाराज, ते हिणकस होईल."

"वर माझा मुखवटा असेल ना?"

"असेल, महाराज."

"मग तो धवलच आहे."

त्या नाण्यांनी धान्य आले आणि माणसे जगली. राजाने ते कर्म प्रजेच्या भुकेपोटी केले, हेही सांगितले पाहिजे. तिथेच तो थांबला असता तर ही कथा घडली नसती.

डोंगराच्या कुशीत तेव्हा तोलाई नावाची मांत्रिकीण राहत असे. तिच्या खांद्यावर सदा एक ताजवा असायचा. त्यात ती धान्य तोली, दुःख तोली, माणसाचे मनही तोली. राजाने तिला शब्द दिला, "पाणी आण. ओंजळभर धवल देईन." तोलाईने एका पारड्यात डोंगर ठेवला. ते पारडे खाली गेले आणि दुसऱ्या पारड्यातून डोंगराखालचे पाणी वर आले. झरे फुटले, नदी भरली, दुष्काळ सरला.

दुष्काळ सरला, पण नाण्यातले हीण सरले नाही. टांकसाळीत कथील पडतच राहिले आणि वाचलेल्या चांदीतून राजाने रुप्याचे सिंहासन घडवले, महालावर रुप्याचे कळस चढवले, दरवाजे रुप्याने मढवले, झोपाळ्याच्या कड्यासुद्धा रुप्याच्या केल्या. तोलाईच्या ओंजळीत पडली तीही तसलीच नाणी.

ती नाणी घेऊन तोलाई परमुलखात गाय घ्यायला गेली. गवळ्याने एक नाणे दगडावर आपटले. ते वाजले नाही, नुसते थद्द झाले. "खोटे नाणे चालवते!" म्हणून लोकांनी तिला बाजारातल्या खांबाला बांधले. डोंगर तोलणारी बाई ती, तिला दोर तोडणे काय अवघड? पण नाणे खरोखरच खोटे होते आणि ते तिच्याच हातात होते, म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. संध्याकाळी सोडले तेव्हा तिने परतीची वाट धरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भर दरबारात येऊन उभी राहिली.

"राजा, हे नाणे कोणाचे?"

"माझे. माझा मुखवटा दिसत नाही का?"

"आत कथील आहे."

"मुखवटा असल्यावर आत काय आहे ते कोण पाहतो?"

दरबार हसला. राजाची एकुलती एक कन्या कुवलया शेजारच्या आसनावर बसली होती, तीही हसली. मग तिला त्या बाईच्या मनगटांवरचे दोराचे वळ दिसले आणि हसू तिच्या घशातच अडकले.

तोलाईने नाणे ताजव्यात ठेवले आणि त्यावर हलकी फुंकर घातली. राजाचा मुखवटा धुळीसारखा उडून गेला.

"आजपासून तुझ्या मुखवट्याला किंमत नाही," ती म्हणाली. "आणि ज्या राजाच्या शब्दाला वजन नाही, त्या राजालाही वजन नाही."

एवढे बोलून ती निघून गेली. त्याच घटकेला राज्यातल्या प्रत्येक नाण्यावरची छाप पुसली गेली. गल्ल्यातली, चंचीतली, मडक्यात पुरलेली, देवापुढे वाहिलेली, सगळी नाणी कोऱ्या चकत्या झाली.

मग बाजारात ताजवे निघाले. जो तो चकती घासून पाही, तोलून पाही आणि मनगटातले बळ असेल तसा भाव करी. चांगुणा नावाची एक म्हातारी कासारीण होती. घरावर कौले घालावीत म्हणून तिने उभ्या जन्माची बांगड्यांची कमाई गाडग्यात साठवली होती. तिला सराफाने सांगितले, "यात निम्मे घरही शाकारून होणार नाही." म्हातारी दुकानाच्या पायरीवरच बसून राहिली. लोकांचा विश्वास आधी नाण्यावरून उडाला, मग एकमेकांवरून. दूधवाल्याला आगाऊ पैसे कोणी देईना आणि दूधवाला उधारीवर दूध घालीना. लग्नात अक्षता पडण्याआधी वऱ्हाडी मंगळसूत्र कसोटीवर घासून पाहू लागले.

आणि राजा हलका होऊ लागला. आधी गालिच्यावर त्याचे पाऊल उमटेना. पुढे पायऱ्या उतरताना तो तरंगत खाली येई. मग एका सकाळी तो अंथरुणातून उठला तो उठतच गेला आणि छताला टेकला. कुवलयेने शेला फेकून त्याला खाली ओढले. तेव्हापासून त्याच्या कमरेला दोर बांधून ठेवीत आणि दोराचे दुसरे टोक सिंहासनाला. वारा सुटला की खिडक्या लावून घ्याव्या लागत.

टांकसाळीच्या अंगणात उंबराचे झाड होते. त्यावर एक तांबट पक्षी राहत असे. हिरवा अंगरखा, कपाळाला लाल टिळा, आणि दिवसभर टुक् टुक् चाले, जणू कोणी तांब्यावर हातोडी मारते आहे. कुवलया त्या झाडाखाली रडत बसली तेव्हा तो म्हणाला,

"रडून वजन वाढत नाही, राजकन्ये. ज्याने नेले त्याच्याकडेच मागावे लागते."

"ती देईल का?"

"मागणारा कसा आहे ते ती तोलून पाहील. चल, मीही येतो. इथे हल्ली हातोडी पडत नाही, मला करमत नाही."

कुवलया साधे लुगडे नेसली, तिने पाण्याची पखाल खांद्याला लावली आणि तांबटाला घेऊन डोंगराची वाट धरली.

तोलाई गुहेच्या तोंडाशी वाल सोलत बसली होती. कुवलयेने वाकून नमस्कार केला.

"मी धवलसेनाची कन्या. तुम्ही दरबारात आलात तेव्हा मीही हसले होते."

"ठाऊक आहे," तोलाई म्हणाली. "अर्धेच हसलीस, तेही ठाऊक आहे. काय हवे?"

"बाबांचे वजन. प्रजेचे नाणे."

"मग तीन वस्तू आण. पहिली, जिचा धातू मोठा आणि मोल लहान. दुसरी, जिचा धातू लहान आणि मोल मोठे. तिसरी, जिचे दोन्ही सारखे, तीळभरही उणे-अधिक नाही. आणशील तर शाप फिटेल."

तोलाईने वाटेची शिदोरी म्हणून तिच्या पदरात मूठभर वाल टाकले आणि पुन्हा सोलायला लागली.

*

तांबट पुढे उडाला, कुवलया मागे चालली. शेते संपली, झाडे संपली, वाळू लागली. तिथे शेवटच्या विहिरीवर कुवलयेने पखाल भरून घेतली आणि वाळवंटात शिरली. पुष्कळ चालल्यावर तिला ऊन दोन जागी दिसू लागले, एक आभाळात आणि एक जमिनीवर. जवळ जाऊन पाहते तर तो सोन्याच्या मोहरांचा ढीग होता, घराएवढा उंच, आणि त्याच्या पायथ्याशी एक मनुष्य बसला होता. त्याची दाढी वाळूत रुतली होती आणि ओठांना भेगा पडल्या होत्या.

"मी रत्नकेतू," तो म्हणाला. "माझे राज्य वाळूने गिळले, सोने तेवढे उरले. हे राखीत बसावे आणि मरू नये, असा मला शाप आहे. बाई, पखालीत पाणी आहे का?"

"आहे."

"हा सगळा ढीग घे. एक घोट दे."

कुवलयेच्या डोळ्यांपुढे टांकसाळ उभी राहिली. या ढिगाने सगळ्या प्रजेचे नुकसान भरून निघाले असते, चांगुणेच्या घरावर सोन्याची कौले चढली असती. तिने तांबटाकडे पाहिले. मग तिने पखालीचे तोंड सोडले आणि रत्नकेतूच्या ओंजळीत पाणी ओतले.

"आमच्याकडे तहानलेल्याला पाणी विकत नाहीत," ती म्हणाली. "प्या."

तो प्याला. पुन्हा प्याला. मग ओली दाढी पुशीत तिच्याकडे पाहत राहिला.

"इथे जो आला तो भरून नेण्यासाठी आला. कोणी गोणी आणल्या, कोणी उंट. ज्याने ज्याने एकीहून अधिक मोहरा उचलल्या तो वाटेतच वाळू झाला. ही वाळू त्यांचीच आहे. तू काय नेशील?"

"एक. ज्या सोन्याला पाण्याचा घोटही मिळत नव्हता, त्यातली एक मोहर."

तिने एक मोहर उचलून कनवटीला लावली. त्याबरोबर रत्नकेतूची दाढी वाळूतून सुटली. ढिगाला कोणीतरी नाही म्हणावे, एवढ्यावरच त्याचा शाप अडला होता. तो गुडघ्यांवर हात देऊन उठला, कुवलयेबरोबर विहिरीपर्यंत आला आणि विहिरीच्या कठड्यावर बसून पोटभर हसला. सोन्याकडे त्याने वळूनही पाहिले नाही.

*

दुसऱ्या वस्तूसाठी तांबट तिला समुद्रावर घेऊन गेला. तिथे खाडीच्या काठी एक गाव होते, चारी बाजूंना मिठागरे, पांढरे ढीग आणि खारा वारा. गावात नाणी चालत ती शिशाची, ओबडधोबड, वर नुसती एक आडवी रेघ. पण कुवलयेने पाहिले, की दूरदूरचे तांडेल गलबते नांगरून ती शिशाची नाणी मागून घेत आहेत. एकाने तर त्यांच्यासाठी आपली चांदीची साखळी काढून दिली.

गावची कारभारीण होती गोमाआक्का. काळी, उंच, पायांना मिठाचे पांढरे वाळलेले थर. कुवलया तिला म्हणाली,

"आक्का, मला एक शिशाचे नाणे हवे. ही मोहर घ्या."

गोमाआक्काने मोहर दातांखाली धरली, पाहिली आणि परत दिली.

"सोनं खरं आहे गं. पण मी हिचं काय करू? कुठल्या राजाची, कोण देईल हिच्यावर काही, मला काय ठावं? आमचं शिसं बघ. हे घेऊन कुणीही यावं आणि पायलीभर मीठ न्यावं. आज यावं, नातवाच्या वेळी यावं. आमच्या आजेसासूपासून चालत आलंय, एकालाही आम्ही नाही म्हटलं नाही."

"आणि मीठच नसेल तर?"

"झालं होतं तसं. एका साली वादळानं आगरं धुऊन नेली. त्याच साली एक तांडेल नाणं घेऊन दारात उभा. मग आमच्या बायांनी लोणच्याच्या बरण्या उपसल्या, सुकी मासळी झटकली, घराघरातून चिमूट चिमूट गोळा केलं आणि पायली भरून दिली. पुढं वर्षभर अळणी जेवलो." ती हसली. "तेव्हापासून ते तांडेल लोक शिसं बघत नाहीत, रेघ बघतात."

"मग मला नाणे कसे मिळेल?"

"जसं आम्हाला मिळतं तसं. मीठ ओढायचं हे दाताळं घे."

कुवलया मिठागरात उतरली. खाऱ्या पाण्यात पाय फुटले, दाताळ्याने तळहात सोलले आणि सोललेल्या हातांना मीठ लागले. पहिल्या दिवशी ती दुपारीच बसली. गोमाआक्काने तिला खोबरेल आणून दिले. रोज उन्हे कलताना आगरावरच्या बाया तिला आपल्यात जेवायला बसवीत आणि विचारीत, "तुझा बाप काय करतो गं?"

एकदा तिने सांगून टाकले. "तो राजा आहे. धवलसेन."

बायांचे घास थांबले. "तो? कथीलवाला?"

कुवलयेला वाटले, जमीन दुभंगावी. इतक्या लांब, समुद्राच्या काठी, बापाला त्या नावाने ओळखतात! रात्री अश्रू आले तेही तिला खारेच लागले. पण सकाळी ती सगळ्यांच्या आधी आगरात उभी होती.

तिच्या वाट्याचा मिठाचा ढीग पुरा झाला तेव्हा गोमाआक्काने तिच्या फुटक्या तळहातावर शिशाचे एक नाणे ठेवले आणि तिची मूठ मिटवली.

"पोरी, कधीही ये. आम्ही नसलो तर आमची पोरं असतील."

*

कुवलया पुन्हा गुहेशी आली. तोलाईने मोहर एका पारड्यात घातली, शिशाचे नाणे दुसऱ्यात. शिशाचे पारडे खाली गेले आणि मोहर पिसासारखी वर राहिली.

"दोन झाल्या. तिसरी?"

कुवलयेने तांबटाकडे पाहिले. त्याने मान वाकडी केली.

"तिसरी मी कुठेच पाहिली नाही," तो म्हणाला. "ती शोधून मिळायची नाही. पाडावी लागेल."

"मग पाडा," तोलाई म्हणाली. "न्यायला मी येईन."

कुवलया राजधानीला परतली. दोर केव्हाच पुरेनासा झाला होता आणि आता राजाच्या कमरेला लोखंडी साखळी होती. तो दरबाराच्या घुमटाखाली तरंगत होता. जेवणाचे ताट काठीने वर पोचवावे लागे. मुलीला पाहून त्याचे डोळे भरले. थेंब खाली फरशीवर पडले. त्यांना मात्र वजन होते.

"आलीस? वाटले होते, तू येण्याआधीच मी उडून जाईन."

"बाबा, रुप्याचे सिंहासन वितळवावे लागेल. कळस, दरवाजे, कड्या, सगळेच. चांदीचे अस्सल नाणे पाडायचे आणि एकेका हिणकस नाण्यामागे एक अस्सल नाणे द्यायचे."

"सिंहासन? राजा लाकडाच्या पाटावर बसला तर तो राजा कसला?"

"बाबा, आपण सध्या बसताच कुठे?"

साखळी किणकिणली. खाली उभा असलेला प्रधान घसा खाकरून म्हणाला, "राजकन्ये, चांदी पुरणार नाही. आणि चूक कबूल केली तर दरारा राहणार नाही."

कुवलयेने आपले तळहात वर करून राजाला दाखवले. भेगा अजून भरल्या नव्हत्या.

"हे काय केलेस?"

"मीठ ओढले." आणि तिने त्याला गोमाआक्काची, लोणच्याच्या बरण्यांची, अळणी वर्षाची गोष्ट सांगितली.

"एकालाही नाही म्हटले नाही?" राजाने विचारले.

"एकालाही नाही. शिशाचे नाणे आहे त्यांचे, बाबा. चांदीचा कणही नाही त्यात."

राजाने घुमटावरच्या नक्षीकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाला, "पोरी, खरे सांग. दुष्काळात मी कथील घातले ते चुकले का? माणसे मेली असती."

कुवलया या प्रश्नावर वाटभर विचार करीत आली होती. ती म्हणाली, "आपण चौकात उभे राहून सांगितले असते, की चांदी संपली आहे, हे निम्मे कथील आहे, सुगीनंतर भरून देईन, तर लोकांनी तेही नाणे घेतले असते. आपण कथील घातलेत ते नव्हे, बाबा. लपवलेत ते."

"मला चौकात न्या," राजा म्हणाला.

भट्ट्या पेटल्या. सिंहासन मुशीत गेले, कळस उतरले, दरवाजे उतरले. उंबरावर तांबट टुक् टुक् करू लागला आणि खाली हातोडे त्याला साथ देऊ लागले. नव्या नाण्यांवर छाप काही उमटेना, ठसा मारला की क्षणात पुसून जाई. कोऱ्या, शुभ्र चकत्या तेवढ्या पोत्यांत भरल्या जाऊ लागल्या.

चौकाच्या मधोमध खांब रोवून त्याला राजाची साखळी बांधली. तो घरांच्या छपरांहून उंच तरंगत होता. खाली अवघी नगरी जमली. पोरे बोटे दाखवून हसत होती, आया त्यांना दाबत होत्या. राजाने तोंड उघडले.

"प्रजाजनहो, मी नाण्यात हीण घातले. आधी तुमच्या भुकेसाठी, नंतर माझ्या हौसेसाठी. आणि तुम्हाला सांगितले नाही. ज्याच्याकडे जेवढी खोटी नाणी आहेत, तेवढी खरी त्याने घेऊन जावीत."

कोणी जयजयकार केला नाही. लोक मुकाट्याने रांगेत उभे राहिले आणि प्रत्येकाने आपल्याबरोबर ताजवा आणला होता. कुवलया स्वतः वाटपाला बसली. पहिले नाणे गेले तसा राजा बोटभर खाली आला. दुसरे गेले, आणखी बोटभर. दुपारी तो पोरांच्या उड्या पोचतील इतक्या खाली आला, तेव्हा पोरांनी त्याच्या पायांना हात लावून पाहिले आणि कोणी त्यांना दाबले नाही.

चांगुणा कासारीण आली. तिने गाडगे उपडे केले, एकेक नाणे वाजवून बदलून घेतले आणि पदरात बांधून बाजूला उभी राहिली. तिच्या शेवटच्या नाण्याबरोबर पोते रिकामे झाले. राजाचे पाय अजून जमिनीपासून हातभर वर होते.

आणि रांगेत एकच बाई उरली होती. तिच्या खांद्यावर ताजवा होता आणि ओंजळीत कथील मिसळलेली नाणी.

कुवलयेने पोते झटकले. काही पडले नाही. प्रधान तिच्या कानाशी लागला. "सांगा, वेळ संपली. उद्या या म्हणावे. उद्याचे उद्या पाहू."

पण राजाने ऐकले होते. तो वरून म्हणाला, "नको. तिला मीच सांगतो." तो तोलाईकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"तोलाई, तू माझी नदी भरलीस. मी तुला खोटे नाणे दिले, आणि माझ्यापायी तुला खांबाला बांधले. आज सगळ्यांत आधी तुझे द्यायला हवे होते. ते राहिले. चांदी संपली, माझ्याकडे काही उरले नाही. पुढच्या सुगीला तुझे ओंजळभर धवल मी स्वतः तुझ्या दारात आणून देईन. हा माझा शब्द."

चौकातले लोक पुढे सरकले.

"शब्द," तोलाई म्हणाली. "तोलून पाहू." तिने ताजवा खांद्यावरून उतरवला आणि गर्दीकडे वळली. "ओंजळभर अस्सल चांदी कोणी देईल का? तोलण्यापुरती."

लोकांनी आपापल्या पुरचुंड्या घट्ट धरल्या. इतक्या दिवसांनी हाती आलेले खरे नाणे कोण सोडील? तेव्हा चांगुणा पुढे आली. तिने पदराची गाठ सोडली.

"माझी ठेवा. पर म्हाराज, माझी मला परत मिळतील न्हवं?"

"मिळतील, आई," राजा म्हणाला.

चांगुणेने आपली कौलांची चांदी एका पारड्यात ओतली. ते खाली गेले. मग कुवलयेने साखळी ओढून राजाला रिकाम्या पारड्यापाशी आणले. तो वाकला आणि दिलेला शब्द पुन्हा उच्चारला, हळू, जसा माणूस देवापाशी बोलतो तसा. रिकामे पारडे हलले. खाली येऊ लागले. येत येत चांदीच्या पारड्याच्या बरोबरीला आले आणि तिथे थांबले, तीळभर खाली नाही, तीळभर वर नाही.

"ही तिसरी," तोलाई म्हणाली.

त्याच क्षणी राजा धप्पकन जमिनीवर पडला. त्याची टाच मुरगळली आणि तो भर चौकात "आई गं!" म्हणून ओरडला. कुवलया त्याला उचलायला धावली. तिला तो उचलवेना. तेव्हा ती हसू लागली, रडू लागली आणि आजूबाजूच्या लोकांनी हात लावून राजाला उभे केले. पारड्यातल्या, पदरांतल्या, मुठींतल्या नाण्यांवर कणसांची जुडी उमटली, आणि दुसऱ्या अंगाला राजाचा मुखवटा. तो पूर्वीपेक्षा जरा म्हातारा दिसत होता.

चांगुणेने आपली नाणी मोजून परत घेतली. त्या वर्षी तिच्या घरावर कौले चढली.

सुगी झाली. राजा लाकडी पाटावरून उठला, ओंजळभर धवल फडक्यात बांधून पायी डोंगर चढला आणि तोलाईच्या दारात ठेवून आला. तोलाईने ते वाजवून पाहिले नाहीत. तिने तांबडी गाय घेतली.

पुढे कुवलया गादीवर बसली. तिच्या राज्यात एकदा पुन्हा चांदी कमी पडली. तेव्हा तिने चौकात दवंडी पिटवली, की यंदाच्या नाण्यात तांबे आहे, किती आहे तेही ऐका, आणि ज्याला चांदी हवी त्याने सुगीनंतर भांडाराच्या दारात यावे. लोकांनी ती तांबूस नाणी घेतली. सुगीनंतर भांडाराचे दार सताड उघडे ठेवले होते. थोडेच लोक आले. बाकीच्यांनी ती नाणी बाजारात चालवली, मुलांना खाऊला दिली, लेकींच्या ओट्या भरल्या. टांकसाळीच्या उंबरावर तांबटाची नवी पिढी टुक् टुक् करीत होती.

राजा राजाच्या जागी, नाणे नाण्याच्या जागी, आणि माणसाचा माणसावर भरवसा, असे त्या राज्यात सगळे आपापल्या ठायी आले. तसेच तुमच्या-आमच्या ठायीही येवो.